मैफलीची स्मृती आणि मराठी संगीतलेखन

भास्करबुवा बखले १९२२ साली निवर्तले आणि अल्लादियाखाँ १९४६ साली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी मुलखातील अभिजात गायनाला ज्यांनी वळण दिले त्यांत ह्या दोघांची नावे अग्रभागी घेतली जातात. परंतु दोघांपैकी एकाच्याही गाण्याची ध्वनिमुद्रिका मागे राहिलेली नाही. ध्वनिमुद्रणाचे तंत्र त्यांच्या हयातीतच हिंदुस्थानात येऊन पोहोचले होते. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान ह्यांचे गाणे मुद्रित झाले आणि पुढील काही वर्षांत मुंबई-पुण्याच्या सधन घरांतून तबकड्या वाजू लागल्या. तरीही ह्या दोघांचे गाणे त्या यंत्रापासून दूर राहिले. आज मराठी वाचकाला भास्करबुवांच्या गाण्याविषयी जे ठाऊक आहे ते एकतर त्यांच्या शिष्यपरंपरेवरून बांधलेले अनुमान आहे, नाहीतर त्यांच्यासमोर वा शेजारी बसलेल्या माणसांनी लिहून ठेवलेले शब्द आहेत. एका श्राव्य कलेचा इतिहास असा बऱ्याच अंशी वाङ्मयाच्या स्वाधीन झालेला आहे.

आठवणींच्या ह्या वाङ्मयाची स्थिती मात्र काहीशी चमत्कारिक आहे. संगीताच्या अभ्यासकांनी ते माहितीचा साठा म्हणून वापरले. साहित्याच्या अभ्यासकांनी ते संगीताचे म्हणून बहुधा बाजूला ठेवले. परिणामी, ह्या आठवणी कोणी लिहिल्या, मैफलीत कोणत्या जागी बसून लिहिल्या आणि त्या जागेवरून त्यांना काय दिसले वा दिसले नाही, हे प्रश्न फारसे विचारले गेले नाहीत. वस्तुतः मैफलीची आठवण हा एक स्वतंत्र लेखनप्रकार आहे. त्याला स्वतःचे संकेत आहेत, स्वतःची सामाजिक घडण आहे आणि स्वतःची मौनेही आहेत. साक्ष म्हणून त्याचे मोल ठरवावयाचे तर ह्या तिन्हींचा विचार करावा लागतो.

१

आठवण लिहिली जाण्यापूर्वी ऐकणारा घडावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत खानदानी गायन हे दरबार, देवस्थान आणि गणिकांच्या बैठकी ह्यांच्या आश्रयाने जगत होते. सर्वसामान्य शिक्षित माणसाला त्यात प्रवेश नव्हता आणि असला तरी तो प्रतिष्ठेचा नव्हता. ही परिस्थिती पालटण्यास मुंबई-पुण्यातील काही संस्था कारणीभूत झाल्या. १८७० साली मुंबईत पारशी गृहस्थांच्या पुढाकाराने गायन उत्तेजक मंडळी स्थापन झाली, तर १८७४ साली पुण्यात पूना गायन समाज. पुढे १९११ साली भास्करबुवांनी पुण्यात जी संस्था काढली ती आज भारत गायन समाज म्हणून ओळखली जाते. कोल्हापुरात देवल क्लब होता, मुंबईत गिरगावात ट्रिनिटी क्लब होता. अशा क्लबांतून वकील, शिक्षक, कारकून, व्यापारी एकत्र जमत, वर्गणी काढीत, बाहेरगावच्या गवयांना बोलावीत, आणि गाणे संपल्यावर त्यावर वाद घालीत. हा वाद पुढील काळातील संगीतसमीक्षेचा मूळ झरा होय.

क्लबाच्या दाराबाहेर राहिलेल्या माणसाचा कान तयार करण्याचे काम रंगभूमीने केले. १८८० साली किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि त्यानंतरच्या चार दशकांत मराठी संगीत नाटकाने राग-रागिण्या तिकिटाच्या दरात उपलब्ध करून दिल्या. १९११ च्या 'मानापमान'ला गोविंदराव टेंबे ह्यांनी चाली दिल्या, १९१६ च्या 'स्वयंवर'ला भास्करबुवांनी. खानदानी बंदिशींच्या चालीवर बांधलेली ही पदे प्रेक्षक घरी जाताना गुणगुणत असे आणि पुढे केव्हातरी तीच बंदिश एखाद्या बुवांच्या तोंडून ऐकताना त्याला ओळख पटत असे. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष साथीला बसत. तालुक्याच्या गावी तंबू ठोकून केलेल्या प्रयोगाच्या प्रेक्षकालाही अशा रीतीने पहिल्या प्रतीची साथ ऐकावयास मिळत असे.

तिसरे स्थळ उत्सवाचे. १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सव रुजला आणि गिरगावातील वाड्या, चाळी आणि ब्राह्मण सभेसारख्या संस्था ह्यांच्या मांडवांत गाण्याच्या बैठकी होऊ लागल्या. येथे तिकीट नव्हते. श्रोता गॅलरीत उभा राही, जिन्यावर बसे, रस्त्यावर सतरंजीच्या कडेला टेके. लक्ष्मीबागेतील बैठक, ऑपेरा हाउसजवळचे देवधरांचे संगीत विद्यालय, केनेडी पुलापाशी राहणाऱ्या गायिकांची घरे हे सारे पायी जाण्याच्या अंतरावर होते. गिरगावच्या ह्या दाटीमुळे एकाच आठवड्यात निरनिराळ्या घराण्यांचे गायक ऐकणे आणि त्यांची तुलना करणे सामान्य उत्पन्नाच्या माणसालाही शक्य झाले. तौलनिक संगीतसमीक्षा मराठीत इतक्या लवकर का उगवली ह्याचे एक कारण ह्या भूगोलात शोधता येते.

दक्षिण महाराष्ट्राचे चित्र निराळे होते. शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादियाखाँ कोल्हापुरात राहिले. ग्वाल्हेरची गायकी मराठी मुलखात रुजविणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरज आणि इचलकरंजी येथे वावरले. सर्कशीचे मालक विष्णुपंत छत्रे हे स्वतः हद्दूखाँचे शिष्य. त्यांच्यामुळे हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ ह्या भागात आले आणि अखेरीस कुरुंदवाडास राहिले. मिरजेत अब्दुल करीमखाँ स्थायिक झाले, आणि तेथील दर्ग्याच्या आवारात, जेथे त्यांना दफन करण्यात आले, दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाण्याच्या बैठकी होतात. तंतुवाद्ये घडविणाऱ्या कारागिरांची वस्तीही ह्याच दर्ग्याच्या आसमंतात वाढली. तेव्हा 'मराठी मैफल' असे एकजिनसी काही नव्हते. गिरगावची बैठक, पुण्याचा समाज, कोल्हापूरचा क्लब आणि मिरजेचा दर्गा ह्यांचे श्रोते वेगळे, बसण्याच्या रीती वेगळ्या आणि दाद देण्याची तऱ्हाही वेगळी.

२

ह्या श्रोतृवर्गातून लेखक निघाले. त्यांच्या नावांकडे एकत्र पाहिले की एक गोष्ट निदर्शनास येते. विष्णु नारायण भातखंडे वकील होते. गोविंदराव टेंबे ह्यांनीही वकिलीचा अभ्यास केला होता. केशवराव भोळे मुंबईत वैद्यकाचे शिक्षण घेण्यास आले आणि ते अर्ध्यावर टाकून संगीताकडे वळले. प्रा. बा. र. देवधर पदवीधर होते. वामनराव देशपांडे हिशेबतपासनीस. इंग्रजी शिक्षण घेतलेल्या, परंतु संगीत हा वंशपरंपरागत व्यवसाय नसलेल्या घरांतील ही माणसे होती. परंपरेत ती उशिरा आली. उस्तादाच्या घरात जन्मलेल्या मुलाला जे न सांगता मिळते ते ह्यांना कष्टाने, बाहेर बसून, चोरून, आर्जवाने मिळवावे लागले. असे मिळविलेले हरवेल ही भीती माणसाला लिहावयास लावते. खानदानी गवयाला लिहिण्याची निकड क्वचितच भासली. त्याची वही त्याच्या मुलाच्या गळ्यात होती.

भातखंडे ह्यांचा 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा चार भागांचा मराठी ग्रंथ गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात आहे. त्याचे प्रयोजन शास्त्र सांगण्याचे. परंतु शास्त्राच्या ओघात प्रत्यक्ष ऐकलेल्या गवयांचे, त्यांच्या अडवणुकीचे, त्यांच्या मतभेदांचे प्रसंग त्यात डोकावतात. येथे मैफल पुराव्यासारखी येते. अमुक रागात अमुक स्वर लागतो किंवा नाही ह्याचा साक्षीदार म्हणून गवई उभा केला जातो आणि वकील त्याची उलटतपासणी घेतो. गाण्याचा आनंद हा ह्या लेखनाचा विषय नाही, मात्र मैफलीत ऐकलेले कागदावर उतरविता येते हा विश्वास मराठीत प्रथम त्यानेच भक्कमपणे दिला.

टेंबे (१८८१–१९५५) ह्यांचे 'माझा संगीत व्यासंग' १९३९ साली प्रसिद्ध झाले आणि मैफलीची आठवण हा लेखनप्रकार त्या पुस्तकाने खऱ्या अर्थाने सिद्ध केला. टेंबे हार्मोनियम वाजवीत. भास्करबुवांच्या साथीला ते बसत, आणि अल्लादियाखाँचा त्यांना दीर्घ सहवास लाभला. पुढे त्यांनी खाँसाहेबांचे चरित्रही लिहिले. साथीदाराची जागा ही मैफलीतील सर्वांत विलक्षण जागा असते. तो गायकापासून हातभर अंतरावर बसतो. गायक पुढे कोणता स्वर घेईल ह्याचा अंदाज त्याला क्षणभर आधी बांधावा लागतो. अंदाज चुकला तर बोट चुकीच्या पट्टीवर पडते आणि ते सर्वांना ऐकू जाते. श्रोत्याची आठवण कानात राहते, साथीदाराची बोटांतही राहते. म्हणूनच टेंबे ह्यांच्या लेखनात विशेषणांपेक्षा हालचाल अधिक आहे. बंदिशीचा मुखडा कसा पकडला, आवर्तन कसे भरले, सम कशी गाठली, ह्याकडे त्यांचे अवधान असते. 'स्वर्गीय', 'अलौकिक' अशा शब्दांवर भागवून नेणाऱ्या लेखकांपासून त्यांना वेगळे काढणारी गोष्ट हीच होय.

येथे एक विसंगती नोंदवावयास हवी. ज्या वाद्याने मराठी संगीताला त्याचा पहिला मोठा स्मरणलेखक दिला, त्या हार्मोनियमवर आकाशवाणीने १९४० साली बंदी घातली. मींड आणि श्रुतींचे सूक्ष्म भेद ह्या वाद्यातून निघत नाहीत, आणि ते परकीय आहे, असे आक्षेप होते. ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. ह्या तीन दशकांत मराठी मुलखातील बैठकीत मात्र पेटीवाचून गाणे क्वचितच झाले. नभोवाणीचा इतिहास वाचणाऱ्यास वाटेल की हे वाद्य त्या काळी निष्प्रभ झाले होते. मैफलीच्या आठवणी वाचणाऱ्याला ते ठिकठिकाणी भेटते. अधिकृत नोंद आणि स्मृती ह्यांच्यातील असे अंतर स्मृतीच्या बाजूने बोलणारे आहे.

केशवराव भोळे (१८९६–१९६७) ह्यांची जागा प्रेक्षागृहातील. 'एकलव्य', 'शुद्धसारंग' अशा टोपणनावांनी त्यांनी गायकांवर लिहिले. 'संगीताचे मानकरी' हे त्यांचे पुस्तक १९४९ साली आले. 'एकलव्य' हे नाव बोलके आहे. गुरूच्या समोर न बसता, दुरून ऐकून विद्या मिळविणाऱ्याचे ते नाव. भोळे ह्यांनी गायकाचा आवाज, त्याची फेक, शब्दोच्चार आणि मैफल बांधण्याची रीत ह्यांचे विश्लेषण केले, आणि ते करताना मोठ्या नावांची भीड ठेवली नाही. ते स्वतः संगीतकार होते. १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा' ह्या नाटकाचे आणि 'प्रभात'च्या 'संत तुकाराम' (१९३६), 'कुंकू' (१९३७) ह्या चित्रपटांचे संगीत त्यांचे. मैफलीत ऐकलेले काय टिकते आणि काय वाहून जाते ह्याची पारख त्यांना रचनाकार म्हणूनही करावी लागत होती.

देवधर (१९०१–१९९०) ह्यांनी १९२५ साली मुंबईत आपले विद्यालय काढले. त्याच्या दारातून अनेक घराण्यांचे गायक आत आले, बसले आणि बोलले. देवधरांनी ते बोलणे 'संगीत कलाविहार' ह्या मासिकातून आणि पुढे 'थोर संगीतकार' ह्या ग्रंथातून वाचकांपर्यंत नेले. गवयांच्या तोंडी इतिहासाला मराठीत पद्धतशीर स्थान मिळवून देण्याचे श्रेय त्यांचे. वामनराव देशपांडे (१९०७–१९९०) ह्यांनी सुरेशबाबू माने आणि मोगूबाई कुर्डीकर ह्यांच्यासारख्या दोन भिन्न घराण्यांच्या गुरूंकडे शिक्षण घेतले आणि १९६१ साली 'घरंदाज गायकी' लिहिले. स्वर आणि लय ही दोन टोके मानून किराणा घराणे स्वराच्या टोकाशी, आग्रा घराणे लयीच्या बाजूस आणि जयपूर घराणे दोहोंच्या समतोलाशी, अशी जी मांडणी त्यांनी केली ती पुढे बहुचर्चित झाली. ही मांडणी ग्रंथालयात बसून झालेली नाही. अनेक वर्षे, निरनिराळ्या खोल्यांत, एकामागून एक गायक ऐकणाऱ्या कानाला जे फरक जाणवले त्यांचे ते व्यवस्थित केलेले टाचण आहे. सिद्धान्ताच्या पोटात तेथे आठवणच आहे. पु. ल. देशपांडे ह्यांच्या व्यक्तिचित्रांत गायक-वादक वारंवार भेटतात. त्यांतील श्रोता स्वतः पेटी वाजविणारा आहे, आणि ह्या परंपरेतील वाचनीयतेचा मोठा वाटा त्यांच्याकडे जातो.

अन्य भारतीय भाषांतही असे लेखन झाले. बंगालीत अमियनाथ सान्याल ह्यांचे 'स्मृतिर अतले' आणि कुमारप्रसाद मुखोपाध्याय ह्यांचे 'कुदरत रंगिबिरंगी' ही प्रसिद्ध उदाहरणे होत. तेथेही लेखक शिक्षित रसिकच आहे. मराठीचे वेगळेपण असे की येथे आठवणीच्या पाठीमागे चाळ, क्लब आणि नाटक कंपनी उभी आहे. वर्गणीदार श्रोत्याला मत असते, आणि ते मांडण्याचा आपल्याला अधिकार आहे असे तो मानतो. मराठी संगीतस्मरणांतील वादप्रियता ही ह्या वर्गणीची देणगी म्हणता येईल.

३

साक्ष म्हणून ह्या आठवणी कितपत ग्राह्य आहेत? त्यांचे दोष उघड आहेत. बहुतेक आठवणी प्रसंगानंतर वीस-तीस वर्षांनी लिहिल्या गेल्या. त्यांत रात्र नेहमी सरत आलेली असते, तंबोरे उत्तम जुळलेले असतात, पहिल्या षड्जालाच सभा स्तब्ध होते, आणि पहाटे भैरवी संपते तेव्हा कोणाच्या तोंडून शब्द फुटत नाही. हा साचा इतका स्थिर आहे की तो अनुभवाचा आहे की लेखनाचा, असा प्रश्न पडतो. जी मैफल रंगली नाही तिची आठवण क्वचितच लिहिली गेली. वास्तविक अशा मैफलीही पुष्कळ झाल्या असल्या पाहिजेत. शिष्याने लिहिलेल्या चरित्रांत गुरुभक्ती इतिहासाच्या पुढे धावते. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी ह्यांनी अब्दुल करीमखाँचे जे विस्तृत चरित्र १९७२ साली प्रसिद्ध केले ते माहितीची खाण आहे, पण ते एका शिष्याच्या नजरेतून पाहिलेले जग आहे हे विसरून चालत नाही. घराण्याचा अभिमान हा तर ह्या लेखनाचा स्थायीभावच.

परंतु ध्वनिमुद्रिकेला निर्दोष साक्षीदार मानून आठवण फेटाळणेही घाईचे ठरेल. अब्दुल करीमखाँच्या तबकड्या उपलब्ध आहेत. त्यांतील राग सुमारे तीन मिनिटांत पुरा होतो, कारण तबकडीची एक बाजू तेवढीच असे. तासभर चालणाऱ्या आलापीचा तो खाँसाहेबांनी स्वतः केलेला संक्षेप आहे. त्यातून आवाजाचा पोत कळतो, स्वराचा लगाव कळतो. बढत कळत नाही, विसावा कळत नाही, आणि दाद मिळाल्यावर गायक त्या जागेकडे पुन्हा कसा वळतो हे तर मुळीच कळत नाही. त्यासाठी त्या खोलीत बसलेल्या माणसाकडेच जावे लागते. तबकडी गायकाची साक्ष देते, आठवण मैफलीची. दोहोंना एकमेकींच्या जागी उभे करता येत नाही.

शिवाय ह्या आठवणींत लेखकाच्या हेतूबाहेरही पुष्कळ काही नोंदले गेले आहे. बिदागी किती ठरली आणि किती हाती पडली, गवयाला स्टेशनावर घ्यावयास कोण गेले, कोणाच्या घरी उतरविले, पंगत कोणाबरोबर मांडली, ह्या तपशिलांतून संगीताचे अर्थकारण आणि जातिव्यवहार डोकावतात. रामकृष्णबुवा वझे ह्यांनी 'संगीत कला प्रकाश' ह्या आपल्या ग्रंथात स्वतःची हकिकत सांगितली आहे. कोकणातून निघून ग्वाल्हेरपर्यंत पोहोचलेल्या आणि विद्येसाठी अन्नाची ददात सोसलेल्या मुलाची ही कहाणी घराण्याच्या वैभवाच्या कथांशेजारी ठेवून वाचली म्हणजे विद्यादानाच्या आदर्श चित्राला दुसरी बाजू मिळते.

४

मौनांचा विचार मात्र अधिक कठोरपणे करावयास हवा. टेंबे ज्या जागी बसून लिहीत होते, ती साथीदाराची जागा, काही पिढ्यांपूर्वी सारंगियाची होती. सारंगी वाजविणारे बहुतांशी वंशपरंपरेने तो व्यवसाय करणाऱ्या मुसलमान घराण्यांतील. गणिकांच्या बैठकींशी त्यांचा संबंध जुना. शिक्षित समाजाने मैफल आपलीशी केली तेव्हा हा संबंध त्याला नकोसा झाला. पेटी शिकण्यास सोपी, कोणत्याही घरात ठेवता येण्याजोगी आणि सोवळी. तिने सारंगीला हळूहळू बाजूस सारले. सारंगियाने गायकाच्या शेजारी बसून जे पिढ्यान्‌पिढ्या ऐकले ते त्याच्या हातात राहिले. कागदावर उतरण्याची व्यवस्था त्याच्यापाशी नव्हती. अन्य भाषिक संशोधकांनी सारंगिये आणि त्यांची घराणी ह्यांचे बोलणे लिहून घेण्यास सुरुवात केली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि रेग्युला कुरेशी ह्यांचा सारंगियांच्याच तोंडून त्यांचा इतिहास सांगणारा इंग्रजी ग्रंथ २००७ साली आला. तोवर बराच उशीर झाला होता.

गायिकांची गोष्ट ह्याहून गुंतागुंतीची आहे. मराठी मैफलीच्या इतिहासातून गोमंतकाच्या कलावंत समाजातील स्त्रिया वजा केल्या तर फार थोडे उरते. अंजनीबाई मालपेकर, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर ह्यांची गायकी रसिकांनी डोक्यावर घेतली, आणि त्यांच्यावर पुष्कळ लिहिलेही गेले. परंतु त्या लिहिण्यात त्या ऐकल्या जातात, बोलत नाहीत. त्यांच्या आवाजाचे वर्णन आहे. मैफलीला जाताना आणि परतताना त्यांना काय वाटले ह्याची नोंद नाही. तिकीट लावून, व्यासपीठावर बसून गाणारी स्त्री प्रतिष्ठित ठरावी ह्यासाठी हिराबाई बडोदेकर ह्यांना जो मार्ग काढावा लागला, त्याची किंमत मैफलीच्या हिशेबात क्वचितच मांडली गेली. राजाराम रंगाजी पैंगीणकर ह्यांचे 'मी कोण' हे आत्मचरित्र कलावंत समाजाच्या आतून लिहिलेले असल्यामुळे मोलाचे आहे, तथापि तेही पुरुषाचेच.

मौन सुटले ते बहुधा उत्तरायुष्यातील मुलाखतींतून. गंगूबाई हानगल ह्यांनी कन्नडमध्ये सांगितलेल्या आत्मकथनातून एक प्रसंग सर्वपरिचित झाला. १९२४ साली बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनात त्या लहानपणी स्वागतगीत गावयास गेल्या होत्या. महात्मा गांधी समोर होते. त्या मुलीच्या मनात मात्र धाकधूक होती ती जेवणाच्या वेळी आपल्याला जातीवरून वेगळे बसवतील की काय ह्याची. ह्याच अधिवेशनाच्या सांगीतिक वृत्तान्तात ही धाकधूक कोणी लिहिली नसती, कारण ती ऐकू येण्याजोगी नव्हती. मोगूबाईंना दौऱ्यांत मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर पुढे सडेतोडपणे बोलल्या. केसरबाई आणि त्यांच्या शिष्या धोंडूताई कुलकर्णी ह्यांच्या आयुष्याचा खोलवर शोध घेणारे 'द म्यूझिक रूम' हे नमिता देवीदयाल ह्यांचे पुस्तक २००७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाले; एका शिष्येने गुरूच्या खोलीत बसून पाहिलेले ते जग आहे. त्या खोलीतील स्वयंपाक, भाड्याची काळजी आणि एकाकीपण ह्यांना तेथे रागांइतकेच स्थान आहे. गिरगावच्या क्लबात बसणाऱ्या रसिकाला ही खोली दिसण्याचा संभव नव्हता.

आणखी एक मौन वर्गाचे. गिरगावपासून थोड्याच मैलांवर गिरणगाव होते. तेथे भजनी मंडळे होती, कोकणातील जाखडी होती, लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड लागत. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर ह्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, आणि हजारोंच्या सभा डफ-तुणतुण्याच्या साथीने भरू लागल्या. हाही प्रत्यक्ष गायनाचाच, आपापल्या वस्तीचा, ओळखीच्या माणसांचा व्यवहार होता. परंतु संगीतस्मरणे लिहिणाऱ्या लेखकांच्या नकाशावर हा भाग बहुधा नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओस पडल्या, आणि ती वस्ती विखुरली जात असताना मीना मेनन व नीरा आडारकर ह्यांनी तेथील माणसांच्या तोंडी आठवणी गोळा केल्या. त्यांचा ग्रंथ इंग्रजीत २००४ साली निघाला. टेंबे ह्यांना आपली आठवण स्वतः लिहिता आली. गिरणगावातील ढोलकीवाल्याची आठवण दुसऱ्याला लिहून घ्यावी लागली. दोन्ही आठवणी एकाच शहराच्या आहेत, हे ध्यानात घेतल्यावाचून मुंबईच्या संगीताचा इतिहास पुरा होत नाही.

५

मैफलीच्या आठवणीचा हा लेखनप्रकार ज्या परिस्थितीत वाढला ती आज राहिलेली नाही. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात सुरू झालेल्या महोत्सवाने बैठकीला मंडपाचे रूप दिले आणि श्रोत्यांची संख्या शेकड्यांवरून हजारोंवर नेली. त्या मंडपातही अनेक वर्षे गाणे रात्रभर चाले. २००० साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर निर्बंध आले. नियमाचे प्रयोजन रास्तच होते. पण त्यामुळे रात्रीच्या उत्तर प्रहरांतील राग त्यांच्या वेळी, मोठ्या सभेत ऐकण्याची सोय संपली. दरबारी किंवा अडाणा आता बहुधा घड्याळाशी तडजोड करून ऐकावा लागतो. पहाटेची भैरवी हा जुन्या आठवणींचा ठरलेला शेवट. त्याला प्रत्यक्षाचा आधार राहिला नाही.

दुसरा बदल श्रोत्याच्या हातातील यंत्राचा. आज प्रत्येक बैठक कोणाच्या ना कोणाच्या भ्रमणध्वनीत साठविली जाते. जे पुन्हा ऐकता येणार आहे ते लक्षात ठेवण्याची सक्ती उरत नाही. टेंबे वा भोळे ह्यांच्या पिढीला ती सक्ती होती. एकदा निसटलेली जागा कायमची गेली हे ठाऊक असलेला कान निराळ्या रीतीने ऐकतो. त्यांच्या गद्यातील नेमकेपणा त्या ऐकण्यातून आला. पुढील पिढ्यांजवळ ध्वनिमुद्रिकांचा संचय मोठा असेल. त्यांच्याकडून असे गद्य लिहिले जाईल काय, ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या लेखनातूनच मिळेल.

साहित्याच्या विद्यार्थ्याने ही पुस्तके हाती घ्यावीत ती दोन प्रश्न सोबत ठेवून. लेखक त्या रात्री कोठे बसला होता, आणि त्याच्या शेजारी बसलेल्या कोणाला लिहिता आले नाही? पहिल्या प्रश्नाने ह्या आठवणींचे सामर्थ्य कळते, दुसऱ्याने त्यांची मर्यादा. भास्करबुवांचे गाणे आज टेंबे ह्यांच्यासारख्या मोजक्या माणसांच्या शब्दांत शिल्लक आहे, आणि ती शिल्लक लहान नाही. गंधर्व नाटक मंडळीच्या त्याच काळात कादरबक्ष ह्यांची सारंगी गावोगावच्या प्रेक्षकांनी ऐकली. बालगंधर्वांच्या शेजारी बसून रात्रीमागून रात्री त्यांनी जे ऐकले असेल, ते लिहून घ्यावयास कोणी गेले नाही.